मोजता न येणाऱ्या टकरींचे गणित

सूर्याच्या केंद्रभागी दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होते. त्यात सुमारे ४० लाख टन वस्तुमान नाहीसे होऊन त्याची ऊर्जा बनते. सूर्याचा प्रकाश आणि उष्णता म्हणजे हीच ऊर्जा. हलकी अणुकेंद्रके एकत्र येऊन त्यांतून जड केंद्रक तयार होण्याच्या या क्रियेला केंद्रकीय संमीलन म्हणतात. ताऱ्यांमध्ये हे संमीलन फार कमी ऊर्जेच्या टकरींतून घडते. इतक्या कमी ऊर्जेला ते क्वचितच होत असल्याने यांतल्या बहुतेक टकरी पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत थेट मोजता येत नाहीत. म्हणून ताऱ्यांचे तेज, त्यांचे आयुष्य आणि त्यांच्या पोटात तयार होणारी मूलद्रव्ये यांविषयीचे बरेचसे ज्ञान गणिती प्रतिरूपांवर उभे आहे. प्रतिरूप कितीही देखणे असले तरी प्रयोगाने त्याची पारख व्हावीच लागते. अशी पारख करणारा एक महत्त्वाचा प्रयोग मुंबईत, कुलाब्याला झाला.

वलवणचे पाणी आणि सूर्याचे वय

संमीलनाची ऊर्जा किती मोठी असते, याचा अंदाज लोणावळ्याजवळच्या वलवण धरणावरून घेता येतो. या धरणाचे पाणी खंडाळ्यापर्यंत आणले जाते आणि तिथून पोलादी नळांतून घाट उतरून खोपोलीच्या वीजगृहात पोचते. टाटांचे हे वीजगृह १९१५ पासून चालू आहे. घाटमाथा आणि खोपोली यांच्या उंचीत साधारण ५०० मीटरचा फरक आहे. एक किलो पाणी एवढ्या उंचीवरून खाली आले की सुमारे ४,९०० ज्यूल ऊर्जा मिळते. एक किलो हायड्रोजनचे हेलियम झाले तर जी ऊर्जा मिळते, तेवढी मिळवायला याच घाटातून सुमारे १३ कोटी टन पाणी खाली सोडावे लागेल.

वलवणची वीज ही गुरुत्वाकर्षणाची देणगी आहे. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि लॉर्ड केल्व्हिन यांनी सूर्याची ऊर्जाही याच जातीची मानली होती. सूर्य स्वतःच्या भाराने हळूहळू आकसतो, त्याचे द्रव्य केंद्राकडे पडते आणि त्यातून उष्णता निर्माण होते, असा त्यांचा विचार होता. पण या हिशेबाने सूर्य आजच्या तेजाने जेमतेम तीन कोटी वर्षे तळपू शकतो. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट मात्र साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून तयार झालेला आहे. दख्खनच्या लाव्हाच्या थरांमध्ये विदर्भात वनस्पतींचे आणि प्राण्यांचे जीवाश्म सापडतात. म्हणजे त्या काळीही सूर्य तळपत होता आणि त्याच्या उजेडावर जीवसृष्टी वाढत होती. गुरुत्वाकर्षणाचा साठा एवढा काळ पुरणे शक्य नव्हते.

उत्तराची दिशा १९२० मध्ये आर्थर एडिंग्टन यांनी दाखवली. फ्रान्सिस ॲस्टन यांच्या मोजमापांतून हेलियमचा अणू चार हायड्रोजन अणूंपेक्षा किंचित हलका असल्याचे दिसले होते. हा फरक सुमारे ०.७ टक्के आहे. आइनस्टाइनच्या सूत्रानुसार केवळ केंद्रभागातल्या हायड्रोजनच्या एवढ्या वस्तुमानाची ऊर्जा झाली, तरी सूर्य आजच्या तेजाने सुमारे एक हजार कोटी वर्षे तळपू शकतो. त्यांपैकी ४६० कोटी वर्षे सरली आहेत. समुद्राचे पाणी वाफ होऊन वर चढते आणि मावळात पाऊस होऊन कोसळते, तेही याच ऊर्जेच्या बळावर. त्या अर्थाने खोपोलीच्या विजेचे मूळही सूर्याच्या केंद्रातल्या संमीलनातच आहे.

विद्युत अडथळा आणि टनेलिंग

हायड्रोजनचे केंद्रक म्हणजे एक प्रोटॉन. प्रोटॉन धनभारित असतात आणि सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. केंद्रकीय बल त्यांना जबरदस्त ताकदीने एकत्र ओढते खरे, पण त्याचा पल्ला फार आखूड, मिलिमीटरच्या लाख-कोटीव्या भागाच्या आसपास असतो. दोन प्रोटॉन इतके जवळ यायचे तर विद्युत प्रतिकर्षणावर मात करायला सुमारे १० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा हवी.

सूर्याच्या केंद्राचे तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे. ऐकायला हा आकडा प्रचंड वाटतो, पण त्या तापमानाला प्रोटॉनची सरासरी ऊर्जा केवळ २,००० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात असते, म्हणजे लागणाऱ्या ऊर्जेचा पाचशेवा हिस्सा. काही प्रोटॉन सरासरीपेक्षा वेगवान असतात हे खरे, तरी पूर्ण अडथळा ओलांडण्याइतकी उष्णताजन्य गती असलेला एकही प्रोटॉन संपूर्ण सूर्यात सापडणार नाही. जुन्या भौतिकीच्या नियमांनी पाहिले तर सूर्य पेटायलाच नको.

हा पेच क्वांटम यांत्रिकीने सोडवला. कणाला अडथळा ओलांडण्याइतकी ऊर्जा नसली, तरी तो पलीकडे सापडण्याची थोडी शक्यता असते. या घटनेला टनेलिंग म्हणतात. जॉर्ज गॅमॉव्ह यांनी १९२८ मध्ये तिच्या आधारे किरणोत्सारी केंद्रकांतून अल्फा कण बाहेर कसे पडतात, हे समजावून दिले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲटकिन्सन आणि फ्रिट्झ हाउटरमान्स यांनी तोच विचार उलट दिशेने लावला. कण केंद्रकातून बाहेर पडू शकतो, तर आतही शिरू शकतो, आणि ताऱ्यांना ऊर्जा मिळते ती यातूनच, असे त्यांनी मांडले.

इथे दोन गोष्टींची ओढाताण चालते. ऊर्जा वाढते तशी टनेलिंगची शक्यता झपाट्याने वाढते, पण तितकी ऊर्जा असलेल्या कणांची संख्या तितक्याच झपाट्याने घटते. दोन्हींचा गुणाकार केला की ऊर्जेचा एक अरुंद पट्टा उरतो आणि बहुतेक संमीलन त्या पट्ट्यातच होते. याला गॅमॉव्ह शिखर म्हणतात. सूर्यामध्ये दोन प्रोटॉनांसाठी ते सुमारे ६,००० इलेक्ट्रॉन-व्होल्टला आहे, तर पुढच्या टप्प्यात तयार होणाऱ्या हेलियम-३ च्या दोन केंद्रकांसाठी सुमारे २२,००० ला.

सूर्यातील संमीलनाची साखळी

सूर्यात चार प्रोटॉन एकदम एकत्र येत नाहीत. ही क्रिया टप्प्याटप्प्याने होते. हान्स बेथे आणि चार्ल्स क्रिचफिल्ड यांनी १९३८ मध्ये तिचे गणित मांडले. पहिल्या टप्प्यात दोन प्रोटॉन जवळ येतात आणि नेमक्या त्याच क्षणी त्यांतल्या एकाचा न्यूट्रॉन होतो. त्यातून ड्यूटेरियमचे केंद्रक बनते आणि एक पॉझिट्रॉन व एक न्यूट्रिनो हे कण बाहेर पडतात. प्रोटॉनचा न्यूट्रॉन होणे हे दुर्बल बलाचे काम असल्याने टनेलिंग साधल्यावरही ते क्वचितच घडते. सूर्याच्या केंद्रातल्या एका प्रोटॉनला या पहिल्या पायरीसाठी सरासरी सुमारे ९०० ते एक हजार कोटी वर्षे थांबावे लागते.

पुढची पायरी मात्र चटकन पार पडते. ड्यूटेरियमला काही सेकंदांत दुसरा प्रोटॉन भेटतो आणि हेलियम-३ तयार होतो. मग हेलियम-३ ची दोन केंद्रके एकत्र येऊन हेलियम-४ बनतो आणि दोन प्रोटॉन मोकळे होतात. यासाठी लाखो वर्षे लागतात. संपूर्ण साखळीतून २ कोटी ६७ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुटते.

पहिल्या पायरीच्या संथपणामुळेच सूर्य दीर्घायुषी आहे. सूर्याच्या केंद्रातला एक घनमीटर भाग ३०० वॉटहूनही कमी ऊर्जा निर्माण करतो. खोपोलीच्या वीजगृहाची क्षमता ७२ मेगावॉट आहे. तेवढी ऊर्जा मिळवायला सूर्याच्या केंद्रातला सुमारे ६४ मीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच तुकडा लागेल. सूर्य तेजस्वी दिसतो तो त्याच्या अवाढव्य आकारामुळे. त्याच्या आतली क्रिया विलक्षण मंद आहे आणि त्या मंदपणामुळेच पृथ्वीवर जीवसृष्टीला उत्क्रांत व्हायला वेळ मिळाला.

प्रतिरूप कसे बांधतात

सूर्यातल्या ऊर्जेला दोन प्रोटॉनांचे संमीलन आजवर कोणत्याही प्रयोगशाळेत मोजले गेलेले नाही. त्याची शक्यता इतकी नगण्य आहे की, ताकदवान प्रोटॉनझोत वर्षानुवर्षे चालू ठेवला तरी हाती काही लागणार नाही. सूर्याच्या सगळ्या हिशेबाचा पाया असलेला हा आकडा निव्वळ गणिताने काढलेला आहे. तरीही तो साधारण एक टक्क्याच्या आतबाहेर बरोबर मानला जातो, कारण दोन प्रोटॉनांमधले बल आणि दुर्बल बल यांची इतर प्रयोगांतून कसून तपासणी झालेली आहे.

इतर टकरी जास्त ऊर्जेला मोजता येतात. तिथे मोजमाप घ्यायचे आणि प्रतिरूपाच्या आधाराने कमी ऊर्जेपर्यंत खाली यायचे, अशी पद्धत आहे. अडचण अशी की, ऊर्जा थोडी कमी केली तरी संमीलनाची शक्यता हजारो पटींनी घसरते, आणि अशा कोसळत्या आलेखाला पुढे वाढवणे धोक्याचे असते. म्हणून टनेलिंगचा ठाऊक असलेला भाग आधी गणिताने वेगळा काढतात. जे उरते त्याला एस-घटक म्हणतात. तो ऊर्जेबरोबर सावकाश बदलतो, त्यामुळे त्याचा आलेख कमी ऊर्जेकडे नेताना चूक होण्याची भीती कमी होते.

हा एस-घटक काढण्याच्या अनेक रीती आहेत. सर्वांत सोप्या रीतीत दोन्ही केंद्रके अखंड गोळे मानतात, त्यांच्यात दूरवर विद्युत प्रतिकर्षण आणि जवळ केंद्रकीय आकर्षण धरतात आणि श्रोडिंगरचे समीकरण सोडवतात. आर-मॅट्रिक्स नावाच्या दुसऱ्या रीतीत केंद्रकाच्या आतल्या गुंतागुंतीचे गणित न करता, प्रयोगात दिसलेल्या ऊर्जापातळ्या आणि त्यांची रुंदी वापरतात. तिसरी रीत सर्वांत मेहनतीची आहे. तिच्यात प्रत्येक प्रोटॉन आणि प्रत्येक न्यूट्रॉन वेगळा धरून मुळापासून गणित करतात. त्यासाठी दोन-दोन कणांमधली बले माहीत असून भागत नाही. तीन कण जवळ आले की त्यांच्यात जोड्यांच्या बेरजेपेक्षा वेगळे असे त्रिकण बलही काम करते आणि तेही हिशेबात धरावे लागते. दोन हेलियम केंद्रकांच्या टकरीत आठ कण असतात. त्यांचे असे मुळापासूनचे गणित २०१५ मध्ये महासंगणकाच्या साहाय्याने करून दाखवण्यात आले.

प्रयोगशाळा आणि तारा यांच्यात आणखी एक फरक आहे. प्रयोगशाळेतल्या लक्ष्यात अणूंभोवती इलेक्ट्रॉन असतात आणि ते केंद्रकांमधले प्रतिकर्षण किंचित झाकतात. त्यामुळे अगदी कमी ऊर्जेला संमीलन अपेक्षेपेक्षा जास्त दिसते. ताऱ्यात इलेक्ट्रॉन सुटे फिरत असतात आणि त्यांचा परिणाम निराळा असतो. म्हणून प्रयोगातल्या आकड्यातून इलेक्ट्रॉनांचा हा परिणाम आधी वजा करतात आणि मग ताऱ्यातला परिणाम त्यात मिळवतात.

कार्बनचा पेच

हायड्रोजन संपत आला की ताऱ्याचे केंद्र आकसते आणि तापते. तापमान १० कोटी अंशांच्या आसपास गेले की हेलियमचे संमीलन सुरू होते. पण हेलियमची दोन केंद्रके एकत्र आल्यावर तयार होणारे बेरिलियम-८ टिकत नाही. सेकंदाच्या एक कोटी-कोटीव्या भागापेक्षाही कमी वेळात ते पुन्हा दुभंगते. तेवढ्या अवधीत तिसरे हेलियम केंद्रक येऊन आदळले तरच कार्बन-१२ तयार होतो. एडविन साल्पीटर यांनी १९५२ मध्ये हा मार्ग सुचवला, पण त्यातून मिळणारा कार्बन फारच थोडा भरत होता.

फ्रेड हॉईल यांनी १९५३ मध्ये उलट बाजूने विचार केला. विश्वात कार्बन भरपूर आहे, त्याअर्थी ही क्रिया पुरेशा वेगाने होत असलीच पाहिजे. तसे व्हायचे तर कार्बन-१२ ला सुमारे ७६ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळपास एक ऊर्जापातळी असायला हवी, म्हणजे तिथे अनुस्पंदन होऊन संमीलनाची शक्यता कितीतरी पटींनी वाढेल. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत शोध घेतल्यावर तशी पातळी खरोखरच सापडली. आज ती हॉईल अवस्था म्हणून ओळखली जाते. जीवसृष्टीतला सगळा कार्बन या एका पातळीचा ऋणी आहे.

हॉईल यांचे नाव मराठी वाचकांना परके नाही. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला त्यांचेच विद्यार्थी होते. पुढे दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडला. नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही संस्था उभी केली आणि खगोलविज्ञान मराठीतून घरोघरी पोचवले. २०२५ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले.

कुलाब्याचा प्रयोग

हेलियमपासून कार्बनपर्यंतच्या वाटेवर बेरिलियम-८ मध्येच लागते, म्हणून या क्षणभंगुर केंद्रकाची रचना समजणे महत्त्वाचे आहे. प्रतिरूपे असे सांगत होती की, ते गोल नसून लांबट आहे आणि त्यात दोन हेलियम केंद्रके डंबेलच्या दोन टोकांसारखी शेजारी शेजारी असतात. पण त्याचा थेट विद्युतचुंबकीय पुरावा मिळाला नव्हता.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात पेलेट्रॉन नावाचा कणत्वरक आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था तो मिळून चालवतात. उभ्या मनोऱ्यात बसवलेल्या या यंत्राच्या मध्यभागी १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत धन दाब निर्माण करता येतो. वरून सोडलेले ऋणभारित आयन त्याकडे ओढले जातात. मध्यावर त्यांचे इलेक्ट्रॉन काढून घेतले की ते धनभारित होतात आणि त्याच दाबामुळे आता खाली लोटले जातात. एकाच दाबाचा असा दोनदा उपयोग होतो.

भाभा केंद्राचे विवेक दातार, टाटा संस्थेच्या वंदना नानल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या यंत्रातून हेलियम केंद्रकांचा सुमारे सव्वादोन कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचा झोत हेलियम वायूवर सोडला. या ऊर्जेला बेरिलियम-८ वेगाने फिरणाऱ्या एका उच्च अवस्थेत तयार होते. ते जवळजवळ नेहमीच लगेच दुभंगते. प्रतिरूपाच्या अंदाजाने साधारण एक कोटीत एकदा मात्र ते आधी सुमारे ८० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा गॅमा किरण सोडून खालच्या अवस्थेत येते आणि मग दुभंगते. हा गॅमा किरण म्हणजेच हवा असलेला विद्युतचुंबकीय पुरावा, म्हणून हा एक कोटीतला एक प्रसंग हुडकायचा होता. त्यासाठी गॅमा किरण आणि दुभंगातून निघालेली हेलियमची दोन केंद्रके, ही तिन्ही एकाच वेळी संवेदकांत नोंदली गेली तरच ती नोंद ग्राह्य धरली. झोताची ऊर्जा योग्य असताना अशा नोंदी वाढल्या आणि ऊर्जा बदलताच त्या घटल्या. त्यामुळे त्या नेमक्या त्याच अवस्थेतून येत असल्याचे स्पष्ट झाले.

हा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. बेरिलियम-८ च्या डंबेलसारख्या आकाराची ती पहिली विद्युतचुंबकीय खूण होती. पण मोजमापातली अनिश्चितता मोठी होती आणि निरनिराळ्या प्रतिरूपांमध्ये निवाडा करायला ते पुरेसे नव्हते. म्हणून प्रयोग अधिक काटेकोरपणे पुन्हा करण्यात आला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात अचूकता सुमारे तिपटीने वाढली होती. सोबत, सुधारित त्रिकण बल धरून मुळापासून केलेले गणितही होते. ताऱ्यातल्या टकरींपेक्षा इथली ऊर्जा खूपच जास्त होती, त्यामुळे ताऱ्यातल्या संमीलनाचा वेग या प्रयोगातून थेट मिळत नाही. पण जे गणित ताऱ्यातली टक्कर वर्तवते तेच ही टक्करही वर्तवते. इथे ते चुकले, तर तिथे त्याच्यावर विसंबता येत नाही.

जमिनीखालची पारख

काही टकरी मात्र थेट गॅमॉव्ह शिखरापर्यंत जाऊन मोजल्या गेल्या आहेत. इटलीतल्या ग्रान सासो पर्वताखाली १,४०० मीटर खडकाच्या आड ल्यूना हा त्वरक आहे. वर एवढा खडक असल्यामुळे विश्वकिरणांची गडबड तिथे फारच थोडी पोचते. हेलियम-३ च्या दोन केंद्रकांचे संमीलन तिथे सूर्यातल्या ऊर्जेलाच मोजले गेले. सर्वांत कमी ऊर्जेला महिन्याकाठी जेमतेम दोन नोंदी मिळत होत्या. नायट्रोजन आणि प्रोटॉन यांच्या संमीलनाचा वेग आधीच्या अंदाजाच्या निम्माच असल्याचेही २००४ मध्ये तिथेच आढळले. त्या एका दुरुस्तीने आकाशगंगेतल्या सर्वांत जुन्या तारकागुच्छांचे अंदाजित वय ७० ते १०० कोटी वर्षांनी वाढले. भारतातही कोलकात्याच्या साहा अणुकेंद्रकीय भौतिकी संस्थेत कमी ऊर्जेच्या अशा टकरींसाठी फ्रेना हा खास त्वरक उभारण्यात आला आहे.

दुसरी पारख न्यूट्रिनोंची. सूर्याच्या केंद्रातून निघालेले न्यूट्रिनो पृथ्वीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला सुमारे ६,५०० कोटी या प्रमाणात आरपार जातात. रेमंड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ते मोजले, तेव्हा अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच सापडले. तीस वर्षे सूर्याच्या प्रतिरूपावर शंका घेतली गेली. कॅनडातल्या सडबरी वेधशाळेने २००१-०२ मध्ये दाखवून दिले की, न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात आणि त्यांची एकूण संख्या गणिताप्रमाणेच भरते. प्रतिरूप बरोबर होते.

सर्वच टकरींच्या बाबतीत अशी खात्री झालेली नाही. कार्बन-१२ ला आणखी एक हेलियम केंद्रक मिळून ऑक्सिजन-१६ बनतो. ताऱ्यातल्या, म्हणजे सुमारे तीन लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या ऊर्जेला ही क्रिया अजून थेट मोजता आलेली नाही. तिच्या आकड्यातली अनिश्चितता १० ते २० टक्क्यांच्या घरात आहे. ताऱ्यात अखेर कार्बन किती आणि ऑक्सिजन किती उरेल आणि मोठ्या ताऱ्याचा शेवट कसा होईल, हे बऱ्याच अंशी या एका आकड्यावर ठरते. प्रतिरूपांनी दिशा दाखवली आहे. शेवटचा निवाडा मात्र मोजमापाचाच असेल, आणि त्यासाठी मुंबई-कोलकात्यासारख्या प्रयोगशाळांतल्या चिकाटीच्या, वर्षानुवर्षे चालणाऱ्या कामाला पर्याय नाही.